ढिगाऱ्यावरून घरी

मागच्या अंकात आपत्तीनंतर मुलांची झोप कशी बिघडते, यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं मुलांविषयी नव्हतीच. ती होती मदतीला गेलेल्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची. मी स्वतः एकोणीस वर्षं बचाव पथकात काढली आणि गुडघे गेल्यावर समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. त्यामुळे ही पत्रं तटस्थपणे वाचल्याचा आव आणत नाही. चार निवडली आहेत. नावं आणि ठिकाणं गाळली आहेत.

प्रश्न : एका मोठ्या अपघातानंतर अकरा दिवस मी मृतांच्या वस्तूंची नोंद ठेवण्याचं काम केलं. मृतदेहांजवळ मी गेलेही नाही. टेबलावर पिशवी यायची, मी एकेक वस्तू काढून वर्णन लिहायचे आणि पिशवी सीलबंद करायचे. एका शर्टाच्या खिशात आणायच्या वस्तूंची चिठ्ठी होती : बल्ब, सेल, सुतळी, चिंगीची कंपासपेटी. पहिल्या तिन्हींवर काट मारलेली होती. तीन महिने झाले, रोज रात्री ती चिठ्ठी डोळ्यांसमोर येते. झोप मोडते. भाचीच्या शाळेची तयारी करायला बहिणीने बोलावलं तर मी गेले नाही. घरचे म्हणतात, तू तर सावलीत बसून लिहीत होतीस. मला असं वाटण्याचा हक्क आहे का?
*– एक स्वयंसेविका*

उत्तर : हक्काचं आधी मिटवून टाकू. आघातानंतरच्या तणाव विकाराला, म्हणजे 'पीटीएसडी'ला, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली जागा मिळाली. त्याच पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत स्पष्टच लिहिलं आहे, की घटना डोळ्यांनी पाहिलेली नसली तरी कामाचा भाग म्हणून तिचे भीषण तपशील पुन्हा पुन्हा हाताळावे लागणं, हाही आघातच. मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांचं उदाहरण तिथे दिलेलं आहे. वस्तूंची नोंद हे त्याच्या शेजारचंच काम. सावलीत बसून केलं म्हणून ते हलकं होत नाही.

माझ्या मते काही बाबतींत ते जास्त जड आहे. ढिगाऱ्यावरच्या माणसाला दोर असतो, घाई असते, अंग दुखत असतं. मृतदेह ओळखण्याजोगा नसला की मन नकळत एक अंतर राखतं. खिशातली चिठ्ठी ते अंतर एका क्षणात पुसते. तिथे अक्षर असतं, सवय असते, अर्धवट राहिलेलं काम असतं. मृतदेह हाताळणाऱ्यांचा अनेक वर्षं अभ्यास केलेल्या रॉबर्ट उर्सानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं निरीक्षण हेच आहे : 'हा मी असतो', 'ही माझी मुलगी असती' ही गाठ पडली, की त्रास वाढतो. तुमची गाठ चिंगीशी पडली. तुम्हाला भाची आहे म्हणून पडली.

माझी पडली होती एका चष्म्याशी. उजवी दांडी बिजागरीपाशी काळ्या दोऱ्याने बांधलेली, गाठ आतल्या बाजूला, कानाला टोचू नये म्हणून. माझे वडील अगदी तसाच दोरा बांधायचे. त्या दिवशी मी चौदा जणांना बाहेर काढायला हातभार लावला होता. त्यांतला एकही चेहरा आता आठवत नाही. चष्मा आठवतो.

आता तुमच्या तीन महिन्यांविषयी. पहिल्या तीन-चार आठवड्यांत झोप मोडणं, चित्रं दिसणं, चिडचिड होणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. त्याला आजार म्हणायची घाई मी करत नाही. पण महिना उलटून गेल्यावरही रोज तेच चित्र येत असेल आणि त्याच्यापायी तुम्ही माणसं टाळू लागला असाल, तर वाट बघण्यात अर्थ नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा आणि आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण झालं आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. या उपचारात तेच चित्र सुरक्षित जागी, तुमच्या गतीने, पुन्हा पुन्हा शब्दांत मांडायला लावतात आणि टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परत नेतात. ऐकायला क्रूर वाटतं. पण याच उपचाराचा गुण सर्वांत चांगला तपासलेला आहे. नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर कुणी बोळवण केली तर दुसरीकडे जा.

आणि जे कुणी पुढे या टेबलावर बसणार आहेत त्यांच्यासाठी : एकाने वस्तू सांगायची, दुसऱ्याने लिहायची, तासाभराने अदलाबदल. 'चिठ्ठी, एक, हस्तलिखित' एवढंच लिहायचं. वाचायची गरज असेल तर ते काम दुसऱ्याचं. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

प्रश्न : माझा नवरा अग्निशमन दलात आहे. चार महिन्यांपूर्वी एक इमारत कोसळली तिथे तो तीन दिवस होता. परत आला तो अगदी शांत. कामावर जातो, जेवतो, बोलतोही. पण रात्री मध्येच उठून पंखा बंद करतो. टीव्ही चालू असला तर येऊन बंद करतो, 'एक मिनिट गप्प बसा' म्हणतो आणि तसाच उभा राहतो. सात वर्षांचा मुलगा आता घरात चवड्यांवर चालतो. विचारलं की म्हणतो, मला काय धाड भरलीय? एकदाच म्हणाला, 'आवाज येत होता आणि आम्हाला खाली उतरवलं.' मी काय विचारू आणि कसं?
*– एक पत्नी*

उत्तर : ताई, तुमचे यजमान पंखा का बंद करतात ते मला पत्र वाचता वाचताच कळलं. मीही केलेला आहे.

ढिगाऱ्यावर अधूनमधून सगळं थांबवतात. कटर बंद, जनरेटर बंद, चालायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. त्या शांततेत खालून टकटक येते का, ते ऐकायचं असतं. यासाठी संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या 'इन्साराग' या शोध-बचाव गटाने इशाऱ्यांचे संकेत ठरवून दिले आहेत. तीन सेकंदांचा एक लांब इशारा : काम थांबवा, शांतता. एक लांब, एक छोटा : काम पुन्हा सुरू. आणि एकेका सेकंदाचे तीन छोटे : जागा सोडा. उरलेला भाग कलायला लागला, की हे तीन वाजतात. मग आवाज येत असो वा नसो, उतरायचंच.

तुमच्या यजमानांनी तो तीनचा इशारा ऐकला आणि ते उतरले. घरी ते अजून लांब इशाऱ्यातच उभे आहेत.

'तुझी काय चूक? वरून हुकूम होता' असं तुम्ही आत्तापर्यंत म्हणाला असाल. खरंच आहे ते. पण ते ऐकल्यावर माणूस गप्प होतो, कारण त्याला ते आधीच ठाऊक असतं. त्याचा प्रश्न हुकमाचा नसतोच. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात यासाठी 'नैतिक जखम' अशा अर्थाचा शब्द रुळवला. भीतीची जखम वेगळी. तिच्यात माणसाला वाटतं, मला काहीतरी होईल. नैतिक जखमेत त्याला वाटतं, मी काहीतरी केलं, किंवा करायला हवं होतं ते केलं नाही. पहिलीत धीर देऊन भागतं. दुसरीत धीर दिला की माणसाला वाटतं, हिला कळलंच नाही.

म्हणून 'काय पाहिलंस तिथे' हे विचारू नका. तपशील तुम्हाला पेलवेल की नाही ही धास्ती त्यांना आहे, आणि ती रास्त आहे. त्यांनी सांगितलेलं एकच वाक्य परत त्यांच्यापुढे ठेवा : 'त्या दिवशी म्हणालास, आवाज येत होता.' मग थांबा. बरंच थांबावं लागेल. समोरासमोर बसून नको. दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असताना, शेजारी शेजारी. बोलले तर निवाडा देऊ नका, या बाजूने नाही आणि त्याही नाही. 'मग?' एवढं पुरतं. नाहीच बोलले तर 'काल झोप लागली का' हा साधा प्रश्न. त्याला उत्तर देता येतं.

पंखा बंद झाला की तुम्हीही जाग्या असाल तर एकदा विचारून बघा, 'येतोय का आवाज?' 'नाही' म्हणतील. 'मग लावू का परत?' असं विचारा आणि पंखा तुम्ही लावा. याला शास्त्राचा आधार आहे असा माझा दावा नाही. माझ्या बायकोने केलं होतं.

मुलाला मात्र आजच सांगा. बाबा तुझ्यावर रागावलेला नाही, कामावर त्याला फार बारीक आवाज ऐकावे लागले, कानांची ती सवय अजून गेलेली नाही, पण तू नेहमीसारखा चाल. नाहीतर सात वर्षांचं पोर स्वतःच कारण शोधतं, आणि ते कारण नेहमी तेच स्वतः असतं.

चार महिने झाले आणि कामावर तर नीट जातात, मग काही नसेलच, असंही समजू नका. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी ऑस्ट्रेलियात भीषण वणवे पेटले, ७५ माणसं गेली. ते विझवणाऱ्या ४६९ जवानांना मानसोपचारतज्ज्ञ अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी चार, अकरा आणि एकोणतीस महिन्यांनी तपासलं. सुरुवातीला ठीक दिसलेल्या काहींचा त्रास पुढच्या तपासणीत वर आला. उशिरा येणं हे या दुखण्याच्या स्वभावातच आहे, त्यात नाटक नसतं.

त्यांना कुणाकडे न्यायचं असेल तर आधी त्या दिवशी सोबत असलेल्या, त्यांच्याहून जुन्या सहकाऱ्याला घरी बोलवा. तो म्हणाला, 'मी जाऊन आलोय डॉक्टरकडे, चल,' तर ते चार पावलं लवकर उचलतील. आमच्या धंद्यात बायकोचं ऐकायला लाज वाटते, पथकातल्या जोडीदाराचं ऐकायला नाही. हा मूर्खपणा आहे, पण त्याचा उपयोग करून घ्या.

एका बाबतीत मात्र वाट बघत थांबू नका. दारू वाढली, कामावर विनाकारण जीव धोक्यात घालू लागले, वस्तू वाटून टाकू लागले, किंवा 'त्याच्याऐवजी मी गेलो असतो तर बरं झालं असतं' असं काही तोंडून निघालं, तर सरळ विचारा : 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : आमचा साठेक स्वयंसेवकांचा गट आहे. पूरग्रस्त भागातून परतल्यावर त्याच संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते बोलायलाच हवं, असा नियम करावा असं काहींचं म्हणणं आहे. मन मोकळं झालेलं बरं, नाही का?
*– एक गटप्रमुख*

उत्तर : बोलायची जागा ठेवा. 'च' काढून टाका.

हा प्रकार नवा नाही. अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेले जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली अशा गटचर्चेची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. मीही अशा बैठकांत बसलो आहे. एकदा माझ्या शेजारच्या पोराने, जो दिवसभर फक्त पाण्याचे कॅन वाहत होता, आमची वर्णनं ऐकून बाहेर जाऊन उलटी केली. त्याने जे पाहिलं नव्हतं ते आम्ही त्याला दाखवलं.

पुढे चाचण्या झाल्या. भाजलेल्या रुग्णांवरच्या एका ब्रिटिश चाचणीत तेरा महिन्यांनंतर, एकदाच बसवून बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता. ज्यांना तसं बसवलं नव्हतं त्यांच्यात ९ टक्क्यांना. ते रुग्ण होते, बचावकर्ते नव्हते, आणि चर्चा गटाने नव्हती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुमच्या साठ जणांना लावू नका. पण अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्यावरही एका बैठकीने आजार टळतो असं दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतही पाहा, ऐका, जोडून द्या एवढंच आहे. माणसाला बोलायला भाग पाडू नका, हे तिथे बजावलेलं आहे.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं, की संध्याकाळच्या बैठकीपेक्षा सकाळची महत्त्वाची. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातला 'पायपर अल्फा' हा तेलाचा फलाट जळाला, १६७ माणसं दगावली. मृतदेहांचं काम पोलिसांवर आलं. योगायोगाने त्यांच्या मनःस्थितीच्या आधीच्या नोंदी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड अलेक्झांडर यांच्याकडे होत्या. नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा, आणि तीन वर्षांनीही, अपेक्षेएवढी पडझड दिसली नाही. त्यामागे दिसलं ते असं : काय दिसणार याची आधी कल्पना दिलेली, नवख्याच्या जोडीला जुना माणूस, कामाची चोख आखणी, थट्टामस्करीला मोकळीक, आणि आपलं काम मृतांच्या घरच्यांच्या उपयोगी पडतंय ही जाणीव. यातलं काहीही मानसशास्त्रज्ञाशिवाय जमतं. पाळ्या लावा, 'मला थकवा नाही' म्हणणाऱ्याला पहिला घरी पाठवा. परतताना दहा मिनिटं बसून काय चुकलं, काय जमलं, उद्या कोण येणार, एवढंच बोला.

आणि तुमच्या साठांत प्रशिक्षण न घेता आयत्या वेळी आलेले किती, ते मोजा. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडल्यानंतर तिथे राबलेल्यांची दोन-तीन वर्षांनी पाहणी झाली. २००७ साली छापून आलेले आकडे असे, की पीटीएसडीचं प्रमाण पोलिसांत ६.२ टक्के, तर कुठल्याच संस्थेशी जोडलेले नसलेल्या स्वयंसेवकांत २१.२ टक्के. पोलीस दुसऱ्या दिवशी पोलिसांतच जातो. तुमचा स्वयंसेवक बँकेत जातो, आणि तिथे त्याला विचारतात, कशी झाली ट्रिप? तीन आठवड्यांनी त्याला फोन करा. तीन महिन्यांनी पुन्हा. यादी करून, कुणाच्या तरी नावावर ते काम टाकून. 'करू या' म्हटलं की राहतं.

दखल घ्यायलाही उशीर लावू नका. २८ नोव्हेंबर १९७९ ला अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर विमान आदळून २५७ जण गेले. बर्फात मृतदेह शोधणाऱ्या न्यूझीलंडच्या लोकांसाठी खास पदक निघालं ते २००६ साली. सत्तावीस वर्षांनी. तुमच्याकडे पदक नसेल, पण पत्र लिहायला काय लागतं?

प्रश्न : ज्या बाईंना मी ढिगाऱ्यातून काढलं त्या बऱ्या होऊन घरी गेल्यात असं कळलं. एकदा भेटून यावंसं वाटतं. जाऊ का?
*– पथकातला एक जवान*

उत्तर : निरोप पाठवून विचारा. त्यांनी बोलावलं तर जा. एकदाच, थोडा वेळ, गणवेश न घालता. आपण कशासाठी जातोय हे निघण्यापूर्वी स्वतःला विचारा. त्या बऱ्या आहेत हे बघायला जात असाल तर ठीक. आपण चांगलं काम केलं हे त्यांच्या तोंडून ऐकायला जात असाल, तर ते ओझं त्यांच्यावर टाकू नका. त्यासाठी जोडीदार आहेत.

मी एकदा न विचारता गेलो होतो. बाईंनी दार उघडलं, हसल्या, आत या म्हणाल्या. मी दारातच बूट काढायला वाकलो, तर त्या एकदम भिंतीला टेकल्या. नंतर वीस मिनिटं छान बोलल्या, पण बोलताना नजर सारखी दाराकडे. निघताना न राहवून मी विचारलं. म्हणाल्या, 'तुमचा चेहरा मला आज पहिल्यांदा दिसला. तेव्हा फटीतून बूटच दिसत होते. सहा तास. ते हलले की वाटायचं, चालले वाटतं सोडून.'